एकोणतीस स्थानांची संख्या

(व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाचे वर्ष म्हणजे हिशेब मांडण्याचे वर्ष. पन्नास वर्षांत काय हाती आले आणि पुढच्या पिढीच्या हाती काय द्यायचे, याची नोंद अशा वेळी केली जाते. आजच्या व्याख्यानाचा विषयही एका अर्थाने हिशेबाचाच आहे. तो एका वारशाचा आहे आणि तो वारसा म्हणजे एक संख्या. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

या संख्येत एकोणतीस अंक आहेत. कोटीच्या जुन्या पद्धतीने ती वाचायची झाल्यास सात कोटी-कोटी-कोटी-कोटी, ब्याण्णव लाख अठ्ठावीस हजार एकशे बासष्ट कोटी-कोटी-कोटी, एक्कावन्न लाख बेचाळीस हजार सहाशे त्रेचाळीस कोटी-कोटी, सदतीस लाख एकोणसाठ हजार तीनशे चोपन्न कोटी, एकोणचाळीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस, असे म्हणावे लागते. जैन शास्त्रांत अढीच द्वीपांच्या मनुष्यक्षेत्रातील मनुष्यांच्या संख्येची चर्चा येते, त्या चर्चेत ही संख्या येते.

एवढी मोठी संख्या समोर आली की सामान्यतः दोन प्रकारची माणसे दिसतात. एक हात जोडून पुढे जातो, दुसरा हसून पुढे जातो. दोघेही ती संख्या पाहत नाहीत. वस्तुतः ही संख्या पाहण्यासारखी आहे, कारण तिची घडण कळली की आठवी-नववीतील विद्यार्थीही कागद-पेन्सिल घेऊन तिची तपासणी करू शकतो. मोठ्या संख्येपुढे माणूस लहान होतो, हे खरे नाही. जिची घडण समजली ती संख्या कितीही मोठी असली तरी हातात मावते. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

नाणेघाटातील अंक

संख्येच्या या प्रवासाची सुरुवात आपल्याच परिसरातून करता येते. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गावाच्या पुढे डाव्या-उजव्या डोंगररांगांत नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथा जुन्नर तालुक्यात मोडतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. माथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची त्यात जंत्री आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. विसाव्या शतकापूर्वीच, १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला कायमचे स्थान मिळाले.

या लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. ही संख्या तेथे तीन चिन्हांनी लिहिली आहे : वीस हजारांचे एक चिन्ह, चार हजारांचे दुसरे, चारशेचे तिसरे. आज आपण लिहितो ती स्थानमूल्याची पद्धत तेथे नाही. दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. अशा पद्धतीत व्यापाऱ्याचा हिशेब उत्तम चालतो, परंतु एकोणतीस स्थानांची संख्या लिहिता येत नाही. तेवढ्या मोठ्या संख्येला चिन्हेच पुरणार नाहीत.

ही अडचण स्थानमूल्याने आणि शून्याने दूर केली. त्याचा एक जुना पुरावा जैन ग्रंथातच मिळतो. इ. स. ४५८ हा काळ सांगणाऱ्या ‘लोकविभाग’ या ग्रंथात १३,१०,७२,००,००० ही संख्या शब्दांनी अशी सांगितली आहे की, प्रत्येक शब्द एका स्थानावरचा अंक दाखवतो आणि त्यात शून्याचेही शब्द येतात. नाणेघाटात दहा हजारांसाठी स्वतंत्र चिन्ह घडवावे लागले. लोकविभागाच्या काळी केवळ जागा बदलून तोच अंक दहापट करता येऊ लागला होता.

एका संख्येची चार वर्णने

आता मूळ संख्येकडे वळू. श्वेतांबर आगमांतील अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांच्या जघन्य, म्हणजे कमीत कमी, संख्येचे वर्णन येते. उल्लेखनीय बाब अशी की, तेथे तिची ओळख एकाच प्रकारे करून दिलेली नाही. ती चार प्रकारे दिली आहे.

पहिले वर्णन स्थानांचे : ही संख्या एकोणतीस स्थाने व्यापते.

दुसरे वर्णन सीमांचे : आठ-आठ स्थानांचे गट केले तर ती तीन गटांच्या, म्हणजे चोवीस स्थानांच्या वर आणि चार गटांच्या, म्हणजे बत्तीस स्थानांच्या खाली आहे.

तिसरे वर्णन गुणाकाराचे : सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते.

चौथे वर्णन भागाकाराचे : तिला दोनने शहाण्णव वेळा निःशेष भाग जातो.

पहिली दोन वर्णने ढोबळ आहेत. एकोणतीस अंकांच्या संख्या असंख्य नसल्या तरी पुष्कळ आहेत. तिसरे वर्णन मात्र नेमके एकाच संख्येवर बोट ठेवते. चौथे त्याची खात्री पटवते. चारही वर्णने एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे हीच खरी गंमत आहे.

अर्धच्छेद : रुपयापासून शहाण्णवपर्यंत

दोनने पुन्हा पुन्हा भागण्याच्या क्रियेला जैन गणितात ‘अर्धच्छेद’ असा सुंदर शब्द आहे. एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी होते, तितके तिचे अर्धच्छेद.

व्यापारी समाजाला ही कल्पना नवी नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा होता. रुपयाचे निम्मे आठ आणे, त्याचे निम्मे चार आणे, मग दोन आणे, मग एक आणा. चार वेळा निम्मे केले की सोळाचा एक झाला. म्हणून सोळाचे अर्धच्छेद चार. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट होते, म्हणून चौसष्टाचे अर्धच्छेद सहा. तराजूवरही हेच होते : शेर, अर्धा शेर, पावशेर, अर्धा पाव आणि छटाक. शेराची छटाक चार पायऱ्यांत होते.

अर्धच्छेद हे मोठ्या संख्यांचे माप आहे. त्याने आजूबाजूच्या काही गोष्टी मोजून पाहाव्यात. नाणेघाटातील २४,४०० कार्षापण घ्या. एकापासून दुप्पट करीत गेल्यास चौदाव्या पायरीला १६,३८४ आणि पंधराव्या पायरीला ३२,७६८ येतात. म्हणजे राणीची ती दक्षिणा पंधराव्या दुपटीच्या आत संपते. साऱ्या जगाची लोकसंख्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेनुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटींवर गेली. तेहतिसाव्या पायरीला ८५८ कोटींहून अधिक होतात, म्हणजे सारी मानवजात तेहतीस दुपटींत मावते.

शहापूर तालुक्यातील भातसा जलाशय पूर्ण भरला की त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७,१७,००० दशलक्ष लिटर असतो. एका लिटरचे वीस हजार थेंब धरले तर भातसातील सर्व थेंब चौपन्नाव्या दुपटीच्या आतच मोजून होतात. आणि आपली संख्या शहाण्णवाव्या पायरीवर उभी आहे. चौपन्न आणि शहाण्णव हे आकडे कानाला जवळचे वाटतात, परंतु त्यांच्यामध्ये बेचाळीस दुपटी आहेत. भातसासारखे पाच लाख कोटींहून अधिक जलाशय भरावेत, तेव्हा त्यांच्या थेंबांची बेरीज या संख्येला पोहोचेल.

तरीही ही संख्या ‘संख्यात’ आहे, ‘असंख्यात’ नाही आणि ‘अनंत’ तर नाहीच. जैन विचारात हे तीन वर्ग काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत. मोठेपणाने कोणतीही संख्या अनंत होत नाही. शहाण्णव वेळा निम्मे केले की ती एकावर येऊन थांबते.

सात गुणाकारांची वाट

दुप्पट करीत शहाण्णवाव्या पायरीला पोहोचायचे तर दोनपासून पुढे पंच्याण्णव वेळा दुप्पट करावे लागेल. शास्त्रातील तिसरे वर्णन, म्हणजे सहावा वर्ग गुणिले पाचवा वर्ग, ही याहून फार जवळची वाट आहे.

दोनचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चारचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, हा सहावा. शेवटच्या दोहोंचा गुणाकार केला की आपली संख्या मिळते. सहा वर्ग आणि एक गुणाकार, म्हणजे एकूण सात गुणाकार. पंच्याण्णव पायऱ्यांचा डोंगर सात पावलांत पार होतो.

ही वाट बरोबर का येते, हे अर्धच्छेदांनी लगेच कळते. प्रत्येक वर्गात अर्धच्छेद दुप्पट होतात : दोनचा एक, पहिल्या वर्गाचे दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस आणि चौसष्ट. दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते. चौसष्ट अधिक बत्तीस म्हणजे शहाण्णव. तिसरे आणि चौथे वर्णन अशा रीतीने एकमेकांची साक्ष देतात. गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करण्याचा हा नियम वीरसेन आचार्यांच्या धवला टीकेत स्पष्टपणे आलेला आहे. युरोपात जॉन नेपियर यांनी लॉगरिथमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. तशी कोष्टके धवलेत नाहीत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र मुळाशी असलेला विचार तोच आहे आणि तो धवलेत आठशे वर्षे आधी आलेला आहे.

वर्गावर वर्ग करीत मोठ्या घातापर्यंत जाण्याची हीच रीत आज संगणकात वापरली जाते. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त संकेतांत फार मोठे घात काढावे लागतात. ते याच पद्धतीने काढतात.

संख्येचा स्वभाव

माणसाप्रमाणे संख्येलाही स्वभाव असतो. या संख्येचे काही विशेष पाहू.

ती पूर्ण वर्ग आहे : २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ या संख्येचा वर्ग. ती पूर्ण घनही आहे, आणि ज्याचा घन ती आहे तो म्हणजे वर सांगितलेला पाचवा वर्गच. चौसष्ट ही संख्या सोळा वेळा घेऊन गुणली तरी हीच संख्या येते. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट आणि आणे सोळा, हा एक सुखद योगायोग.

तिचा शेवटचा अंक सहा आहे. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चक्राने फिरतात. शहाण्णवाला चारने निःशेष भाग जातो, म्हणून चक्र सहावर थांबते. तिच्या शेवटी शून्य येणे शक्यच नाही, कारण त्यासाठी पाचने भाग जावा लागतो. याउलट जैन कालगणनेतील शीर्षप्रहेलिका पाहा. चौऱ्याऐंशी लाख ही संख्या अठ्ठावीस वेळा घेऊन केलेल्या त्या गुणाकारात १९४ स्थाने आहेत आणि त्यांपैकी शेवटची १४० स्थाने शून्यांची आहेत. शीर्षप्रहेलिका आकाराने फार मोठी आहे. पण लिहिण्यास ती सोपी आहे. आपल्या संख्येतील एकोणतीस स्थानांपैकी एकाच जागी शून्य आहे, बाकी प्रत्येक अंक जपून लिहावा लागतो.

तिचे भाजक मोजले तर ते बरोबर सत्त्याण्णव भरतात. तिच्याहून लहान अशा सर्व भाजकांची बेरीज केली तर ती मूळ संख्येपेक्षा फक्त एकने कमी येते. लहान उदाहरण सोळाचे : एक, दोन, चार आणि आठ यांची बेरीज पंधरा. अठ्ठावीसच्या भाजकांची बेरीज बरोबर अठ्ठावीस होते, म्हणून गणितात अठ्ठावीसला ‘पूर्ण संख्या’ म्हणतात. दोनचा प्रत्येक घात पूर्णत्वापासून एकच पाऊल मागे राहतो. मूळ संख्येला दोन आणि त्याच्या घातांखेरीज कोणीही भागू शकत नाही. पण त्यातून एक वजा करा, की तीन, पाच, सात, नऊ, तेरा, सतरा अशा कितीतरी संख्यांनी तिला निःशेष भाग जाऊ लागतो.

अंकांची राखण

छपाई नसलेल्या काळात एवढी संख्या पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध कशी राहिली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. लेखनिकाचा एक अंक चुकला की सारे चुकले. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती हे दहाव्या शतकातील आचार्य. त्यांच्या ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात या संख्येसाठी एक युक्ती योजलेली आहे. तेथे ही संख्या अक्षरांत बांधून गाथेत घातली आहे.

पद्धत अशी. ‘क’पासून ‘झ’पर्यंतची अक्षरे एक ते नऊ दाखवतात. ‘ट’पासून ‘ध’पर्यंतची पुन्हा एक ते नऊ, ‘प’पासून ‘म’पर्यंतची एक ते पाच आणि ‘य’पासून ‘ह’पर्यंतची एक ते आठ. ‘ञ’ आणि ‘न’ म्हणजे शून्य. स्वर आणि मात्रा मोजायच्या नाहीत. अंक उजवीकडून डावीकडे मांडत जायचे. गाथेतील पहिली चार अक्षरे त, ल, ल, न या वर्गांतील आहेत. त म्हणजे सहा, ल म्हणजे तीन, पुन्हा तीन, न म्हणजे शून्य. आपल्या संख्येचे शेवटचे चार अंक उलट क्रमाने वाचा : सहा, तीन, तीन, शून्य. याप्रमाणे सर्व एकोणतीस अक्षरे एकोणतीस अंकांशी जुळतात. रुक्ष आकड्यांची रांग स्मरणात टिकत नाही. छंदात बांधलेली अक्षरे मात्र टिकतात.

तथापि अक्षरांनाही धोका असतो. हस्तलिखितात ‘ध’चा ‘घ’ होणे किंवा ‘भ’चा ‘म’ होणे नवे नाही. ‘ध’ म्हणजे नऊ, ‘घ’ म्हणजे चार. अशी चूक पकडायची कशी? येथे संख्येची घडणच मदतीला येते.

संख्येतील सर्व अंकांची बेरीज १२७ येते. त्यातील अंकांची पुन्हा बेरीज दहा, आणि त्यांची एक. म्हणजे संख्येला नऊने भागले तर बाकी एक उरते. घडणीवरून तसेच यायला हवे, कारण चौसष्टला नऊने भागल्यावर बाकी एक राहते आणि ही संख्या म्हणजे सोळा वेळा गुणलेले चौसष्ट. आता ‘ध’च्या जागी ‘घ’ आला तर बेरीज १२२ होईल, बाकी पाच उरेल आणि चूक उघडी पडेल.

दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले तर मात्र बेरीज बदलत नाही. तेव्हा अकराची परीक्षा घ्यावी. उजवीकडून एकाआड एक अंक घेतल्यास पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांची बेरीज ७९ येते आणि सम स्थानांची ४८. वजाबाकी ३१. त्याला अकराने भागल्यास बाकी नऊ. घडणीवरूनही नऊच यायला हवी : दोनच्या दहाव्या घाताला, म्हणजे १,०२४ ला, अकराने भागल्यास बाकी एक राहते. शहाण्णवातून नव्वद घात असे निघून गेले की सहावा घात, म्हणजे चौसष्ट उरतो आणि त्याची बाकी नऊ येते. उजवीकडून आठव्या आणि नवव्या स्थानांवरचे चार आणि पाच यांची अदलाबदल करून पाहा, वजाबाकी २९ होते, बाकी सात येते आणि चूक सापडते.

अशा रीतीने संख्येच्या घडणीचे ज्ञान तिच्या अंकांची राखण करते. ज्याने केवळ अंक पाठ केले त्याला आपली चूक कळणार नाही. ज्याला घडण माहीत आहे तो हरवलेले अंकसुद्धा पुन्हा उभे करू शकेल.

अमरावती, सोलापूर आणि धवलेतील चिकित्सा

या गणिताकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्री येथील ताडपत्रांवर जपली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिती अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील निबंध छापला गेला आणि अर्धच्छेदासारख्या कल्पना गणिताच्या इतिहासकारांपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला ‘तिलोयपण्णत्ती’ हा ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ पासून प्रसिद्ध झाला. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’ची हिंदी आवृत्तीही सोलापूरहूनच १९६३ मध्ये निघाली.

धवलेतील एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झालेल्या या टीकेत पर्याप्त मनुष्यांच्या संख्येविषयी दोन कथने समोर येतात. एका कथनानुसार ती कोटी-कोटी-कोटीहून अधिक आणि कोटी-कोटी-कोटी-कोटीहून कमी आहे. काही आचार्यांच्या मते ती आपली एकोणतीस अंकी संख्या आहे. वरवर पाहता दोहोंत विरोध दिसत नाही, कारण कोटी-कोटी-कोटी-कोटी लिहितानाही एकावर अठ्ठावीस शून्ये, म्हणजे एकोणतीसच स्थाने लागतात. परंतु स्थाने सारखी असली तरी किंमत सारखी नसते. आपली संख्या ‘सात’ कोटी-कोटी-कोटी-कोटीपासून सुरू होते, म्हणजे ती सांगितलेल्या सीमेच्या सातपटीहून अधिक आहे. वीरसेन आचार्यांनी हा फरक ओळखला. एवढ्यावर न थांबता त्यांनी मनुष्यक्षेत्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडला, एवढे मनुष्य त्यात मावणार नाहीत असे दाखवले आणि ते मत स्वीकारले नाही. पुढे गोम्मटसारात मात्र तीच संख्या आली.

या मतभेदाचा निकाल देणे हे आजच्या व्याख्यानाचे काम नाही. शास्त्रातील मनुष्यक्षेत्र हे आजच्या भूगोलातील देशांची यादी नव्हे, त्यामुळे आजच्या जनगणनेशी तुलना करून हा प्रश्न कोणत्याही बाजूने सुटत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. परंपरेतून आलेली संख्या एका थोर आचार्यांनी हिशेबाच्या कसोटीला लावली. ती अवमानाची गोष्ट आहे असे त्यांना वाटले नाही. श्रद्धा आणि हिशेब एकाच ग्रंथाच्या पानावर शेजारी बसलेले आहेत.

दुकानातील संगणक

शेवटी आजच्या काळातील एक उदाहरण. संगणकाला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीत पैशांच्या काटेकोर हिशेबासाठी ‘डेसिमल’ नावाचा संख्याप्रकार आहे. त्यात संख्येसाठी अशा शून्य-एकाच्या शहाण्णव जागा ठेवलेल्या आहेत. म्हणून त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३५

आपल्या संख्येहून बरोबर एकने कमी. हा प्रकार ठरवणाऱ्या अभियंत्यांसमोर आगम नव्हते, यंत्राची सोय होती. कोणी त्यातून चमत्कार काढू नये. दोनचा शहाण्णवावा घात जो घेईल त्याला तीच संख्या मिळेल, मग तो ताडपत्रावर घेवो वा यंत्रात. सत्य संख्येचा हाच स्वभाव आहे. तिला काळ, देश आणि भाषा यांची अडचण होत नाही.

पाठशाळेतील मुलांसाठी एक लहानसा उपक्रम सुचवावासा आहे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने दोनपासून सुरू करून सहा वर्ग आणि एक गुणाकार करावा. दुसऱ्या गटाने गाथेतील अक्षरांवरून अंक मांडावेत आणि नऊ व अकरा यांच्या परीक्षा घ्याव्यात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. जुळले तर आनंद आहेच. नाही जुळले तर चूक कोठे झाली ते शोधण्यात अधिक लाभ आहे. ज्या मुलाला ती चूक सापडेल, त्याच्या हाती हा वारसा खऱ्या अर्थाने पोहोचला असे समजावे.

जय जिनेंद्र.